सफाई करणाऱ्याचे पोट

समुद्री माशांची काचेची टाकी ज्यांच्या घरी आहे, त्यांना ‘नॅसॅरियस’ ही चिमुकली गोगलगाय ठाऊक असेलच. एरवी ती वाळूत दडून असते. सोंडेसारखी नळी तेवढी वर. पाण्यात कोळंबीचा वास पसरला, की वाळू हलते आणि ही मंडळी लगबगीने पंगतीला हजर!

माशांचे उष्टे नि मेलेले जीव हेच तिचे अन्न; शेवाळाला ती सहसा तोंड लावीत नाही. म्हणूनच ‘घाण खाऊन जगते, तिला वेगळे काय घालायचे?’ हा समज आम्हांस घातक वाटतो. टाकी जितकी स्वच्छ, तितकी ती उपाशी. चार-पाच गोगलगायींसाठी आठवड्यातून दोनदा कच्च्या, बिनमिठाच्या कोळंबीचा हरभऱ्याएवढा तुकडा वाळूवर ठेवावा. उरलेले तासाभराने काढावे. वाळूचा थर 2 इंच तरी असावा. माशांच्या रोगावरील तांबेयुक्त औषध टाकीत कदापि घालू नये. गोगलगायींना ते विषच होय. मेलेली गोगलगाय त्वरित काढावी, अन्यथा पाणी नासून मासेही दगावतात.

जो आपले अंगण झाडतो, तो जेवला की नाही, हे पाहणे यजमानाचेच काम नव्हे काय?