विमानतळाची बस कोणासाठी?

शेतकरी व रापणकार बंधूंनो, विमानतळाचे नाव काढले की तुम्ही मान फिरवता, हे आम्ही जाणून आहो. ज्याला मासळीची पाटी बाजारात पोहोचवायला पहाटेची बस वेळेवर मिळत नाही, त्याने विमानाच्या वेळापत्रकाची चिंता का वाहावी? प्रश्न रास्त आहे. पण विमानतळापर्यंतचा रस्ता, रेल्वे आणि बस ज्या पैशातून होते त्यात तुमचाही पैसा आहे, आणि विमानतळाखाली गेलेली जमीन तर बहुतेक ठिकाणी शेतकऱ्याचीच आहे. तेव्हा या खर्चाचा हिशेब तुम्ही मागितलाच पाहिजे. त्यासाठी आज आम्ही तुम्हांला घाटापलीकडे, हुबळीला नेतो.

हुबळी आम्हांला परकी नाही. वास्कोहून निघालेली गाडी कुळे, कॅसलरॉक, लोंढा करीत तेथे पोहोचते; आमच्या हुमणाला रंग देणारी ब्याडगी मिरची त्याच मुलखातली. हुबळीच्या स्थानकात १,५०७ मीटर लांबीचा फलाट आहे, जगात सर्वांत लांब म्हणून मार्च २०२३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. विमानतळ मात्र रेल्वेपासून दूर, गोकुळ रोडवर. शहरापासून सात-आठ किलोमीटर आणि धारवाडपासून वीसच्या आसपास. तेथे डिसेंबर २०१७ मध्ये नवी इमारत उघडली, २०१८ पासून उडान योजनेखाली विमाने वाढली, आणि मार्च २०२४ मध्ये आणखी एका इमारतीची कोनशिला बसली. धावपट्टी लांबवायला शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, हे सांगायला नकोच.

याच जुळ्या शहरांत सार्वजनिक वाहतुकीचा एक मोठा प्रयोग झाला आहे. हुबळी ते धारवाड सुमारे २२ किलोमीटर, रस्त्याच्या मधोमध बसगाड्यांसाठी राखलेली वेगळी वाट. तीवरून ऑक्टोबर २०१८ पासून ‘चिगरी’ धावते. चिगरी म्हणजे कानडीत हरीण. जागतिक बँकेचे कर्ज घेऊन हजार कोटींच्या आसपास रक्कम या कामावर खर्च झाली. गाड्यांविषयी तक्रारी आहेत, त्या खऱ्याही असतील; पण ही वाट किम्स इस्पितळावरून जाते, विद्यालयांवरून जाते, अमरगोळच्या मार्केट यार्डाजवळून जाते. रोगी, विद्यार्थी, हमाल, अडत्याकडे हिशेबाला निघालेला शेतकरी, सगळे त्या एका गाडीत बसतात. खर्चाचे समर्थन होते ते या गर्दीमुळे.

ही वाट विमानतळाला लागत नाही. मग ती तिथवर वाढवावी काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे: नाही. हुबळीच्या विमानतळावर दिवसाला मोजकीच विमाने उतरतात. मोठ्या विमानात १८० च्या आसपास माणसे धरा. त्यांतला समजा सहावा मनुष्य बसने जाईल. म्हणजे ३० उतारू. ही एका बसची भरती झाली. तीस माणसांसाठी कोट्यवधींची वेगळी वाट बांधणे म्हणजे होडी एक आणि धक्के दहा!

थोरामोठ्यांनी असे करून पाहिले आहे. दिल्लीत विमानतळाची खास मेट्रो फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाली. लांबी जवळजवळ चिगरीच्या वाटेइतकीच, खर्च मात्र पाच हजार कोटींच्या वर. भाडे चढे ठेवले, उतारू आले नाहीत. २०१२ मध्ये बांधकामातील दोषांमुळे ती कित्येक महिने बंदच पडली. २०१३ मध्ये चालविणारी खासगी कंपनी निघून गेली आणि ओझे सरकारी महामंडळाने उचलले. पुढे तिकीट उतरवले तेव्हा कुठे गर्दी वाढली. बेंगळुरात उलट तऱ्हा. विमानतळाजवळ जानेवारी २०२१ मध्ये रेल्वेचा थांबा झाला, तिकीट दहा-पंधरा रुपयांचे. इतके स्वस्त असूनही गाड्या रिकाम्या धावल्या, कारण गाडीची वेळ आणि विमानाची वेळ यांची सोयरीक कोणी जुळवलीच नाही.

यावरून हुबळीने काय घ्यावे? गोकुळ रोड जेथे होसूरला मुख्य रस्त्याला मिळतो, तेथे चिगरीचा थांबा आहे. विमानतळ ते होसूर अशी साधी बस, विमानाच्या वेळेला बांधलेली, आणि पुढे चिगरीने धारवाड. नवी वाट नको, नवा पूल नको. बस आहे की नाही एवढेच विचारून भागत नाही. विमान उतरले तेव्हा ती दारात उभी होती काय, हे विचारायचे.

साधी बस आम्ही मुद्दाम म्हणतो. विमानतळावर केवळ उतारू जात नाहीत. झाडूवाल्या, सामान उचलणारे, पहारेकरी, उपाहारगृहातली पोरे रोज जातात, आणि टॅक्सीचे भाडे त्यांच्या दिवसाच्या मजुरीला पुरणार नाही. कर्नाटकात जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत त्या राज्याच्या स्त्रियांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे. वातानुकूलित गाडीला ती सवलत नाही. तेव्हा थंडगार, चकचकीत गाडी लावली की झाडूवाली आपोआप खाली उतरली!

तोटा होणार, हेही झाकून ठेवू नये. विमान दोन तास उशिरा आले तर बस उभी राहणार, चालक-वाहकाचा पगार चालू राहणार. हा तोटा खेड्याची फेरी तोडून भरून काढणे हा अन्याय आहे. विमानतळावर मोटारी उभ्या करण्याचे पैसे घेतले जातात. त्यांतून तो भरावा. मोटारवाल्याने बसवाल्याला थोडा हात दिला तर काही बिघडत नाही.

आता आपल्या मोपाकडे पाहा. ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. धारगळहून विमानतळापर्यंतचा सुमारे सात किलोमीटरांचा खास रस्ता २०२४ मध्ये खुला झाला, खर्च अकराशे कोटींहून अधिक. कदंबच्या बसगाड्याही विमानतळावर जातात. पेडण्याच्या बंधूंनो, तुमच्या पुढच्या ग्रामसभेत एवढेच विचारा: ही बस वारखंड, कासारवर्णे, चांदेल येथे थांबते काय? रात्रपाळी सुटलेल्या मुलाला घरी आणते काय? उत्तर लेखी मागा, आणि ते आम्हांला पाठवा. आम्ही ते याच जागी छापू.