अमेरिकेचा तराजू

मानवी तस्करीविरुद्ध कोणते राष्ट्र किती झटते, याचा निवाडा अमेरिकेचे परराष्ट्र खाते २००१ सालापासून आपल्या वार्षिक अहवालात देत आले आहे. तिसऱ्या, म्हणजे तळाच्या श्रेणीतील राष्ट्राची मदत रोखता येते. स्वतः अमेरिका या परीक्षेस बसली ती २०१० साली!

मलेशियाचे प्रकरण पाहावे. २०१४ साली तो देश तिसऱ्या श्रेणीत ढकलला गेला. २०१५ च्या मे महिन्यात थायलंडच्या सरहद्दीलगत वांग केलियानच्या जंगलात तस्करांच्या छावण्या सापडल्या आणि त्यांच्याजवळ थडगी. बहुधा रोहिंग्या व बांगलादेशी स्थलांतरितांची. जुलैत अहवाल निघाला, आणि मलेशियाला चक्क बढती मिळाली. प्रशांत महासागरी व्यापार कराराची बोलणी तेव्हा अखेरच्या टप्प्यात होती, मलेशिया त्यात सहभागी होता, आणि तिसऱ्या श्रेणीतील राष्ट्राशी होणाऱ्या कराराला संसदेची झटपट मंजुरी देण्यास जूनमधील कायद्याने मनाई केली होती. व्यापाराचा संबंध खात्याने नाकारला. परंतु खात्यातील तस्करीविषयक कार्यालयाचे मत वरिष्ठांनी डावलल्याचे रॉयटर्सने पुढच्याच महिन्यात उघड केले.

आकड्यांचीही तीच गत. सरहद्दीपार दरसाल सहा ते आठ लाख माणसांची तस्करी होते, हा अमेरिकी अंदाज जगभर उद्धृत झाला. तो एकाच व्यक्तीने तयार केला होता व त्यामागील सर्व कामाची नोंदही ठेवली नव्हती, असे अमेरिकेच्याच सरकारी हिशेब-तपासनीसांनी २००६ साली दाखवून दिले.

अहवाल टाकाऊ मात्र नव्हे. मलेशियातील मालक मजुरांची पारपत्रे दाबून ठेवतात, दलालाच्या कर्जात मजूर जखडले जातात, हे त्यातच लिहिलेले आहे. कामगार संघटनांनी हा मजकूर वापरावा. श्रेणीचा शिक्का वॉशिंग्टनपाशीच राहू द्यावा.