जयंतीच्या मंडपात इतिहासाची वही

आपल्या समाजाचे वर्ष इतिहासाने भरलेले आहे. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती, २० मार्चला महाडचे चवदार तळे, ११ आणि १४ एप्रिलच्या जयंत्या, वैशाखात बुद्धपौर्णिमा, आषाढापासून आश्विनापर्यंत वर्षावास, पुढे धम्मचक्र प्रवर्तन दिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन आणि ६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन. एखाद्या इतिहास मंडळाने विचारपूर्वक आखावी अशी ही कार्यक्रमपत्रिका सामान्य माणसांनी वर्गणी काढून, खाडा करून आणि सोबत भाकरी बांधून घेऊन पिढ्यान्‌पिढ्या चालवली आहे. तिचे मोल आम्ही जाणतो. म्हणूनच एक उणीव येथे बोलून दाखवावीशी वाटते. या दिवसांत आपण इतिहास आठवतो, परंतु तो जमवीत नाही.

जयंतीच्या व्यासपीठावरून महाडचा सत्याग्रह दरवर्षी सांगितला जातो. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह प्रतिनिधींनी तळ्याचे पाणी घेतले, हे आपल्या मुलांना पाठ आहे. परंतु परिषदेला गावोगावहून आलेली ती माणसे कोण होती? कोणत्या वाटेने आली? परतल्यावर गावाने त्यांना कसे वागवले? ग्रंथांत त्यांतील थोड्यांचीच नावे आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ चेही तसेच. नागपूरला लाखोंनी दीक्षा घेतली, हे आपण अभिमानाने सांगतो. आपल्या गावातून कोण गेले, गाडीभाड्यासाठी काय विकले, गुरे राखायला मागे कोण राहिले, घरातले देव केव्हा आणि कोणाच्या हातून विसर्जित झाले, हे विचारले की मंडपात शांतता पसरते. त्या दिवशी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशीच्या आसपास आहे. विचारण्याची वेळ हातातून निसटते आहे.

इतिहास जमवण्याचे काम संस्थेने करायचे असते, ही समजूत महाराष्ट्राला नवी नाही. वि. का. राजवाडे यांनी ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळवली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड छापले. ही चिकाटी आपण घ्यावी. मात्र वाड्यांतल्या दप्तरांत प्रामुख्याने दप्तर बाळगणाऱ्यांचा इतिहास सापडतो. आपले पूर्वज त्यांत आले तर वेठ, बलुते आणि तंटे यांच्या निमित्ताने येतात. आपली साधने वेगळ्या ठिकाणी आहेत. परिषदांची हस्तपत्रके, जलशांची पदे, ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली छायाचित्रे, मुंबईच्या गिरणीतून घरी आलेली पत्रे आणि आजीच्या आठवणी, हेच आपले दप्तर होय.

हे काम होऊ शकते, याचे दाखलेही आहेत. चां. भ. खैरमोडे यांनी आयुष्यभर कागद आणि आठवणी गोळा करून बाबासाहेबांचे बहुखंडी चरित्र सिद्ध केले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांना शोधून काढले, त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ दिला. त्यांनी विचारले म्हणून त्या स्त्रिया इतिहासात आल्या.

आमची सूचना साधी आहे. आहे त्याच कार्यक्रमांना संग्रहाची जोड द्यावी. ३ जानेवारीला प्रत्येक घरातील वडीलधाऱ्या स्त्रीची एक आठवण लिहून घ्यावी. २० मार्चला आपल्या तालुक्यातून चळवळीत गेलेल्यांची यादी वाचावी आणि उपस्थितांनी तीत भर घालावी. एप्रिलच्या मंडपात जुनी छायाचित्रे मांडून माणसे ओळखावीत व मागे नावे लिहावीत. वर्षावासात अनेक विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. आठवड्यातून एक संध्याकाळ जमलेल्या आठवणींच्या वाचनाला द्यावी. पाऊस ओसरला की मुलांना जवळच्या लेण्यांत नेऊन शिलालेख दाखवावेत. डिसेंबरअखेर वर्षाच्या वहीच्या तीन प्रती करून विहारात, शाळेच्या ग्रंथालयात आणि एका जबाबदार घरी ठेवाव्यात.

यात एक पथ्य पाळावे लागेल. केवळ परंपरेने चालत आले किंवा कानांवर आले म्हणून एखादी गोष्ट खरी मानू नका, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. तो नियम आपल्या अभिमानाच्या गोष्टींनाही लागू आहे. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख नोंदवावी. शक्य तेथे दुसरी साक्ष घ्यावी. आपसांतली भांडणे, स्त्रियांना मागे ठेवल्याचे प्रसंगही गाळू नयेत. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे सवर्ण समाजातील सहकारी महाडला बाबासाहेबांसोबत होते. आपल्या गावातही असे कोणी असेल, तर त्याचेही नाव वहीत यावे.

वेळ कोणाला आहे, असे कोणी विचारील. आमच्या मते याचे उत्तर या शाळेतच आहे. निवासी शाळेत एका खोलीत चार गावांची मुले राहतात. प्रत्येकाने सुट्टीत आजोबांना पाच प्रश्न विचारून उत्तरे लिहून आणली, तर कोणत्याही संशोधकाला जमणार नाही एवढी सामग्री एका उन्हाळ्यात गोळा होईल. माजी विद्यार्थ्यांनी ती तपासावी, टंकलिखित करावी. पालकांनी ट्रंका उघडाव्यात.

कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका लेखात धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दरवाजासाठी दान दिल्याची नोंद आहे. तो राजा नव्हता, सेनापती नव्हता. कोणीतरी त्याचे नाव दगडात कोरले म्हणून सुमारे दोन हजार वर्षांनी ते आपल्याला वाचता येते. महाडला चालत गेलेल्या आणि नागपूरसाठी बकरी विकलेल्या आपल्या माणसांसाठी दगड नको. शंभर पानी वही पुरे. येत्या कार्यक्रमात हार-फुलांच्या मेजावर ती वही आणि एक पेन ठेवावे, एवढीच विनंती.