सिव्हिल एअर पेट्रोल म्हणजे काय? विमान शिकवता शिकवता हरवलेला माणूस शोधणारी अमेरिकेतली संघटना

अमेरिकेतला एक रील तुम्हीही कदाचित पाहिला असेल. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, अंगावर हवाई दलासारखा गणवेश, छोट्या सेसना विमानात वैमानिकाच्या शेजारची सीट. विमान वर स्थिरावलं की थोडा वेळ कंट्रोल तिच्या हातात. पाहताना मला पहिला प्रश्न पडला की हिला हे करू कोण देतं? आणि दुसरा, यात त्यांचा फायदा काय?

करू देणाऱ्या संघटनेचं नाव सिव्हिल एअर पेट्रोल, थोडक्यात सीएपी. ती १ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या सहा दिवस आधी सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात साध्या नागरिकांनी आपापली छोटी विमानं घेऊन किनाऱ्यालगत जर्मन पाणबुड्यांवर नजर ठेवली. १९४८ मध्ये ती अमेरिकी हवाई दलाची अधिकृत साहाय्यक संस्था झाली. आज तिच्याकडे साडेपाचशेच्या आसपास विमानं आहेत आणि बहुतेक काम पगार न घेणारे स्वयंसेवक करतात. कामं तीन: आपत्तीत मदत, १२ वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी कॅडेट कार्यक्रम आणि एअरोस्पेस शिक्षण.

शिकवतात काय?

इथे दोन रस्ते आहेत. पहिला कॅडेटचा. १८ वर्षांखालच्या कॅडेटला इंजिनाच्या विमानातून पाच आणि ग्लायडरमधून पाच फेऱ्या मिळू शकतात, त्याही मोफत. रॉकेट बनवायला शिकताना आधी हवेच्या किंवा पाण्याच्या दाबावर उडणारं, मग इंधनाचं, अशा पायऱ्या चढाव्या लागतात.

दुसरा रस्ता मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शाळेतला शिक्षक गणवेश न घालता, कवायत न करता सदस्य होऊ शकतो. त्याला वर्गासाठी मोफत किट मिळतं: रॉकेट, छोटा ड्रोन, फ्लाइट सिम्युलेटर, खगोलशास्त्राचं साहित्य. म्हणजे एका शिक्षकामागे अख्खा वर्ग शिकतो, ज्यातल्या एकालाही कॅडेट व्हायची गरज नसते.

मोबाइलचा शोध

आता आपल्या खिशातल्या फोनकडे येऊ. पूर्वी विमान कोसळलं की त्यातल्या रेडिओ बीकनचा सिग्नल पकडत शोध घ्यायचे. आजही घेतात. पण डोंगरात हरवलेल्या ट्रेकरकडे बीकन नसतो, फोन असतो. म्हणून सीएपीने मोबाइल डेटाचं विश्लेषण करणारी स्वयंसेवकांची वेगळी टीम उभी केली आहे.

तिचं काम असं चालतं. फोन अधूनमधून टॉवरशी बोलत असतो. कोणत्या टॉवरशी बोलला, टॉवरच्या कोणत्या बाजूने आणि किती वाजता, याची नोंद कंपनीकडे राहते. काही वेळा सिग्नलला जाऊन यायला लागलेल्या वेळेवरून अंतराचा अंदाजही येतो. जीव धोक्यात असेल तर पोलिसांमार्फत ही माहिती मागवली जाते. मग नकाशावर डोंगर-दऱ्या मांडून पाहायचं, की त्या टॉवरचा सिग्नल नेमका कुठे पोचू शकतो आणि कुठे मधला कडा आडवा येतो. शेकडो चौरस किलोमीटरचा शोध त्यामुळे एखाद्या दरीपुरता उरू शकतो. बॅटरी संपली तरी शेवटची नोंद मागे राहतेच. हे काम करणारा माणूस विमानात नसतो, तो घरच्या लॅपटॉपसमोर बसलेला असू शकतो.

माझ्या मते या शिक्षणाचं खरं बळ इथे आहे. रेडिओ लहरी, नकाशा, हवामान हे सगळं परीक्षेसाठी शिकलं की विसरतं. पण त्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असेल तर ते डोक्यात राहतं.

फुकट काहीच नसतं

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही सरळ द्यायला हवं. पैशाचा मोठा भाग सरकारी तिजोरीतून, हवाई दलामार्फत येतो. कॅडेटवर सैन्यात जाण्याचं बंधन नाही. पण बिली मिचेल पुरस्काराची पायरी गाठलेला कॅडेट हवाई दलात भरती झाला, तर त्याला सुरुवातीलाच वरचा दर्जा मिळू शकतो. बाराव्या वर्षी गणवेश आणि हुद्दे अंगवळणी पडले की पुढचा रस्ता आपोआप एका दिशेला वळू शकतो. मला हे कारस्थान वाटत नाही, पण पालकांनी आणि मुलांनी ते माहीत असूनच आत जावं.

आपल्याकडे काय?

एनसीसीची एअर विंग आहे. १९५० साली मुंबई आणि कोलकात्यात तिची सुरुवात झाली, आणि आजही निवडक कॅडेट मायक्रोलाइट विमानात बसतात. स्वयंसेवी बचावाची परंपराही आहे. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी पथकं रात्री-अपरात्री सह्याद्रीत उतरतात. मला कमी दिसतो तो मधला दुवा, म्हणजे गणवेशाबाहेरच्या साध्या शाळेतल्या विज्ञान शिक्षकाच्या हातात पोचणारं किट. ते काही लढाऊ विमानाइतकं महाग नसतं.

तोपर्यंत दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन हौसेसाठी उडवायला भारतात रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मात्र आधी डिजिटल स्काय नकाशावर तुमचा भाग ग्रीन झोनमध्ये आहे का ते बघा. आणि ट्रेकला वाट चुकलात, तर रील काढण्यात बॅटरी घालवू नका. एका जागी थांबा, ११२ लावून बघा, नाही लागला तर रेंज असलेल्या ठिकाणाहून मेसेज पाठवा आणि बॅटरी जपा. तुमचा फोन टॉवरशी जितका जास्त वेळ बोलेल, तितका तुम्हाला शोधणाऱ्यांचा नकाशा लहान होईल.