‘अर्थ तुमचा तुम्ही शोधा’ म्हणे!

पुण्यातल्या निम्म्या आयटीने राजगड केलेला असतो. वेल्ह्याकडून (आता तालुक्याचं नावही राजगडच) नाहीतर भोरकडून. त्यामुळे पद्मावती माचीवरचं देऊळ तुम्हाला सांगायला नको. आत पूजेची मुख्य मूर्ती आहे, ती भोरच्या पंतसचिवांनी बसवलेली. शेजारची लहान मूर्ती शिवाजी महाराजांनी स्थापलेली, असं सांगतात. आणि या दोघींच्या मध्ये शेंदूर फासलेला एक दगड. नाक नाही, डोळे नाहीत, हातपाय नाहीत. हा तांदळा. खरी पद्मावती हीच, असं मानतात.

मला हा तांदळा आठवतो तो सिरॅमिकची अमूर्त शिल्पं बघताना. २०१८ मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात पहिलं इंडियन सिरॅमिक्स ट्रायनाले भरलं, दुसरं २०२४ मध्ये दिल्लीत. म्हणजे मातीकाम आता मग आणि फुलदाणीच्या पलीकडे गेलंय, हे उत्तमच. माझं भांडण आकाराशी नाहीच. भांडण आहे ते शेजारी लावलेल्या पाटीशी: ‘अनटायटल्ड. प्रेक्षकाने आपापला अर्थ शोधावा.’

आपण क्लायंटला असं सांगून बघा बरं. ‘सॉफ्टवेअर तयार आहे, काय करतं ते तुमचं तुम्ही शोधा.’ :)

गंमत म्हणजे या कामात मोघम असं काहीच नसतं. माती वाळताना आणि भाजताना आकसते, त्याचा हिशोब आधी धरावा लागतो. स्टोनवेअर १२०० अंशांच्या वर भाजतात. भिंत एकीकडे जाड, एकीकडे पातळ राहिली की तडकलीच. ग्लेझ जास्त वितळलं की ओघळून खाली चिकटलं. पुण्याच्या निर्मला पटवर्धनांचं ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ (१९८४) ग्लेझच्या पाककृतींनी भरलेलं आहे. सिलिका इतकी, फेल्डस्पार इतकं, सगळं मोजून. एवढा काटेकोरपणा भट्टीपर्यंत पाळायचा आणि शेवटी म्हणायचं, ‘काहीही समजा’?

तांदळ्याला पाटी नाही, पण तो ‘काहीही’ नाही. दामोदर कोसंबी पेशाने गणितज्ञ. पुण्याच्या आसपासचे डोंगर पायी हिंडले. असे शेंदरी दगड जुन्या वाटांवर का असतात याचा त्यांनी माग काढला, जवळपास मिळणारी अश्मयुगीन गारगोटीची हत्यारं गोळा केली, आणि शेंदराचं नातं पूर्वीच्या रक्तबळीशी जोडलं. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त (१९६२) हे सगळं आहे. त्याच दगडात गावातल्या आजीला आई दिसते. दोघांचे अर्थ जुळत नाहीत, पण दोघांनीही स्वतःच्या पदरचं काहीतरी घातलंय. कोसंबींनी पुरावा, आजीने आयुष्यभराचे नवस. आपण गॅलरीत काय घालतो? अर्धा मिनिट आणि एक फोटो.

आता कुणी म्हणेल, तांदळ्यामागे श्रद्धा आहे, गाव आहे. कलावंताने गाव कुठून आणायचं? बरोबर आहे, नाही आणता येणार. पण निदान स्वतः तरी काही म्हणा की. चुकीचं का होईना, एक नाव द्या. ‘उतार’ म्हणा, ‘गर्भ’ म्हणा. मग मी म्हणेन, छे, मला तर हा फुटलेला रांजण वाटतो, आणि मित्र म्हणेल, तुझं डोकं फुटलंय. वाद होईल, त्या नादात दोघंही परत एकदा नीट बघू. पाटीवरच्या त्या वाक्याने हा वादच संपतो. सगळेच बरोबर म्हटल्यावर बोलायचं काय?

आणखी एक. तांदळ्याला लोक तेल-शेंदूर हाताने लावतात. हाताने घडवलेल्या मातीपुढे मात्र गॅलरीत दुसरी पाटी असते, ‘हात लावू नये’. फुटेल म्हणून ठीक आहे, पटतं. पण मग भट्टीतून काढलेल्या ग्लेझच्या दोन-चार टेस्ट टाइल्स तरी शेजारच्या टेबलावर ठेवा ना, बोट फिरवायला.