घाटातला खालचा गिअर

घाटात एखादी गाडी पुढच्या वाहनांवर जाऊन आदळली की दुसऱ्या दिवशी ‘ब्रेक निकामी झाल्याने अपघात’ असे वाक्य छापून येते. या वाक्याने सर्वांचीच सोय होते. चालक सुटतो, त्याला शिकवणारा सुटतो, परवाना देणारे कार्यालयही सुटते. दोष जातो तो निर्जीव यंत्राच्या माथी. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका मालमोटारीने सुमारे ४८ वाहनांचे नुकसान केले. तेव्हाही प्रथम ब्रेकचेच नाव घेतले गेले. पुढे मात्र चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती, असे प्राथमिक तपासातून सांगण्यात आले.

हा दोष केवळ मालमोटारींच्या चालकांचा आहे, असे समजून मोटारवाल्यांनी निर्धास्त होण्याचे कारण नाही. बोरघाटाचेच उदाहरण घ्यावे. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत रस्ता सुमारे ५५० मीटर खाली येतो. माणसांसह १,२०० किलो वजनाची मोटार तेवढी खाली उतरते तेव्हा मोकळी होणारी ऊर्जा सुमारे २० लिटर पाणी उकळीला आणण्यास पुरेशी असते. (शाळेतील पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांनी हे गणित फळ्यावर अवश्य घालावे.) तिचा काही भाग हवेच्या आणि टायरांच्या रोधात जिरतो हे खरे, परंतु उरलेला सारा भार ब्रेकवर टाकला, तर ते तापत जातात, त्यांची पकड क्षीण होते आणि अखेरीस ब्रेकचे तेल उकळून त्यात बुडबुडे झाले की पायाखालची पट्टी नुसतीच खाली जाते. यंत्र बिघडलेले नसते. त्याच्याकडून अशक्य काम करून घेतलेले असते.

हा भार वाहण्यासाठी इंजिन आहे. खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन चाकांना फिरवण्याऐवजी चाकेच इंजिनाला फिरवू लागतात आणि त्या श्रमात वेग आवरला जातो. गिअर जितका खालचा, तितके इंजिन अधिक फिरते व रोध वाढतो. मात्र हे उतार सुरू होण्यापूर्वीच करावयाचे असते. आधी ब्रेकने वेग कमी करावा, मग क्लच दाबून एक पायरी खाली यावे आणि क्लच हळूहळू सोडावा. भरधाव गाडीत चौथ्यावरून एकदम पहिला गिअर टाकणे हे शौर्य नव्हे. त्याने इंजिनाला इजा होते आणि पावसाळ्यात निसरड्या रस्त्यावर चाके घसरतात. क्लचवर पाय ठेवूनच उतरणारे तर पुष्कळ दिसतात. क्लच दाबलेला असताना इंजिन चाकांपासून तुटलेलेच असते, याची त्यांना दादही नसते.

जुन्या मालमोटारींवर दोनदा क्लच दाबून, इंजिनाचा आवाज कानाने जुळवून गिअर पाडावा लागे. उतारावर गिअर चुकला तर तो पुन्हा पडेलच याची खात्री नसे. म्हणून चालक घाटमाथ्यावरच निर्णय करी. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा त्यांचा ठोकताळा होता. आज गिअर एका बोटाने पडतो, आणि तरीही तो टाकला जात नाही.

इंधनाच्या बचतीचा युक्तिवाद तर कार्ब्युरेटरबरोबरच कालबाह्य झाला. आजच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाचा इंधनपुरवठा यंत्रणा आपोआप तोडते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. इंजिनच बंद केले तर ब्रेकला मिळणारे साहाय्य चार-दोन दाबांत संपते आणि स्टिअरिंग जड होते. म्हणजे काटकसरही खोटी आणि धोका मात्र खरा.

यासाठी नवा कायदा नको. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील पंधरावा नियम परवान्याच्या परीक्षेत काय पाहावे ते सांगतो; उतारावर त्वरेने खालच्या गिअरमध्ये येता येणे हे त्यात स्पष्ट आहे. प्रत्यक्षात उमेदवार सपाट मैदानावर आठचा आकडा काढतो, गाडी मागे घेऊन दाखवतो, फार तर लहानशा चढावर थांबून पुन्हा निघतो, आणि परवाना घेऊन पहिल्याच सुटीत भर पावसात कुटुंबाला महाबळेश्वरला नेतो. सातारा, कऱ्हाड, पेण, नाशिक येथील परिवहन कार्यालयांपासून घाट फार दूर नाहीत. तेथे परीक्षेचा एक भाग खऱ्या उतारावर घेणे अवघड नाही. मुंबईसारख्या ठिकाणी ते शक्य नसेल, तर वाहनचालन शाळेने उमेदवाराला एकदा तरी घाट उतरवल्याचा दाखला अर्जासोबत मागावा. शुल्क थोडे वाढेल. शाळाचालक कुरकुर करतील. पण नियमात लिहिलेले कौशल्य न पाहताच परवाना देण्याचा अधिकार परिवहन खात्याला कोणी दिला, याचे उत्तर त्या खात्यालाच द्यावे लागेल.