काऊबॉयचे हलके काडतूस

अमेरिकेतल्या काऊबॉय नेमबाजीच्या मैदानावर बेसबॉलची टोपी घालून जाल तर स्पर्धेत उभे करीत नाहीत. टी-शर्ट नको, धावण्याचे बूट नकोत, कपड्यावर वेल्क्रोची पट्टी दिसायला नको. प्रत्येक सभासदाने एक टोपणनाव घ्यायचे आणि ते रीतसर नोंदवायचे. एकाला दिलेले नाव दुसऱ्याला मिळत नाही. ‘सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी’, थोडक्यात ‘सास’, ही १९८७ साली स्थापन झालेली संघटना या खेळाची नियमावली राखते. पोशाखाच्या बाबतीत ही नियमावली सासुरवाडीला जाणाऱ्या जावयापेक्षा काटेकोर आहे. बंदुकीत भरायच्या काडतुसाबाबत मात्र ती इतकी ढिली आहे की सगळा खेळ त्या ढिलाईतूनच खेळला जातो.

आधी हत्यारे पाहू. स्पर्धकाजवळ चार असतात: दोन सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर, म्हणजे दर बारासाठी घोडा हाताने मागे ओढावा लागेल अशी, खालचा दांडा पुढे-मागे करून चालवायची लिव्हर रायफल, आणि दुनळी, लिव्हरची किंवा पंपाची शॉटगन. रचना एकोणिसाव्या शतकातली हवी, बंदूक तेव्हाची असण्याची सक्ती नाही. म्हणून कोल्टच्या १८७३च्या रिव्हॉल्व्हरची नक्कल इटलीतून येते, विंचेस्टरचे नाव कोरलेली १८७३ची रायफल जपानात तयार होते आणि १८९७च्या पंप शॉटगनची स्वस्त नक्कल चीनने पुरवलेली असते. रूगर कंपनीने १९९३ साली ‘व्हाकेरो’ नावाचे रिव्हॉल्व्हर खास या हौशी लोकांसाठी काढले. बाहेरून ते जुन्या कोल्टसारखे, आत मात्र आधुनिक स्प्रिंगा आणि आधुनिक सुरक्षा-पट्टी. नियमांनी त्याला हसतमुखाने आत घेतले.

यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. या खेळाला जपायचा आहे तो सिनेमातला पश्चिम. टेक्ससहून कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत गुरांचे मोठे कळप हाकत नेण्याचा काळ यादवी युद्धानंतर जेमतेम वीस वर्षांचा. १८९७ची पंप शॉटगन बाजारात आली तेव्हा तो संपून दहा वर्षे होऊन गेली होती. कोल्टने आपले ते प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंदच करून टाकले होते. १९५६ साली ते पुन्हा काढायला लावले ते दूरचित्रवाणीवरच्या काऊबॉय मालिकांनी. ‘मॅकेनाज गोल्ड’ची आवर्तने केलेल्या आपल्याकडच्या पिढीला हे वेगळे सांगायला नको. सासमध्ये तर जुन्या पडद्यावरच्या नायकांसारखा चमचमता पोशाख करणाऱ्यांचा स्वतंत्र गट आहे. निदान तेवढा प्रामाणिकपणा तिथे आहे.

आंतरराष्ट्रीय नेमबाजीची रीत निराळी. पॅरिसला २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात जाकिटाचे कापड अडीच मिलिमीटरहून जाड असून चालत नाही, ते किती ताठ आहे हेही उपकरण लावून पाहतात. एअर पिस्तुलात चाप किमान ५०० ग्रॅम वजन उचलू शकला पाहिजे. तिथे कुणी इतिहासाचे नाव घेत नाही. जे मोजता येते ते मोजायचे आणि बाकीचे खेळाडूवर सोडायचे. काऊबॉय नेमबाजीत बरेचसे डोळ्यांनी ठरते. बंदूक जुनी दिसते का? दिसते. मग चला.

तरी या नियमावलीतला एक भाग डोक्यावर घ्यावा असा आहे, आणि तो सगळ्यात रुक्ष आहे. सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच भरायच्या आणि घोडा रिकाम्या खणावर टेकवून ठेवायचा, कारण जुन्या रचनेत भरलेल्या काडतुसावर टेकलेला घोडा एका धक्क्याने बार उडवू शकतो. व्हाकेरोला ही भीती नाही. तरीही त्यातही पाचच. एकाला पाच आणि दुसऱ्याला सहा अशी तडजोड कुणी केली नाही हे उत्तम झाले. गोळी साध्या शिशाची हवी, तांब्याचे कवच चढवलेली चालत नाही, कारण निशाण पोलादी पाटीचे आणि जवळचे असते. कठीण गोळी त्यावरून उलटी येईल. त्याच कारणाने वेगालाही वरची हद्द आहे: रिव्हॉल्व्हरला सेकंदाला १,००० फूट, रायफलला १,४००. काडतुसे भरायची ती एका ठरलेल्या टेबलावर, दुसऱ्या कुणाच्या देखत. झाल्यावर दुसऱ्या टेबलावर बंदुका रिकाम्या असल्याचे दाखवायचे.

खऱ्या पश्चिमेशी या खेळाचे नाते जर कुठे जुळत असेल तर ते या टेबलांपाशी. डॉज सिटीत गावात शस्त्र बाळगायला बंदी होती. अ‍ॅरिझोनातल्या टूमस्टोन गावाने १८८१ साली तसाच ठराव केला होता, आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला ओके कोरालजवळ झालेली ती जगप्रसिद्ध चकमक घडली ती गावात शस्त्रे घेऊन फिरणाऱ्या काऊबॉयांची शस्त्रे उतरवायला व्हर्जिल अर्प आणि त्याचे भाऊ गेले तेव्हा. ज्यांच्या नावाने आज टोप्या घातल्या जातात त्यांना गावच्या वेशीत बंदूक ठेवून द्यायला सांगणारे कायदे होते, हे अमेरिकेतल्या बंदूकप्रेमींच्या भाषणांत क्वचितच ऐकू येते.

आता काडतुसाकडे. गोळीचे वजन ग्रेनमध्ये, वेग फुटांमध्ये. दोहोंचा गुणाकार करून हजाराने भागायचे. येणारा आकडा हा काडतुसाच्या जोराचा हिशेब. सासची खालची मर्यादा आहे ६०, आणि वेग ४०० फुटांच्या खाली नको. १०५ ग्रेनची गोळी ६०० फुटांच्या वेगाने सोडली की ६३ भरतात, झाले. अमेरिकी लष्कराच्या कंबरेला ज्या .४५ कोल्टने मान मिळवून दिला त्यात २५० ग्रेनच्या आसपासची गोळी ८५० फुटांच्या घरात सुटायची. तिचा आकडा दोनशेच्या पुढे जातो. म्हणजे आज मैदानावर जे वाजते ते मूळ काडतुसाच्या एकतृतीयांशही नाही. बार होतो, पाटी टणकन वाजते, हाताला धक्का बसत नाही. आणि धक्का नाही म्हणून पुढची गोळी लगेच. दहा रिव्हॉल्व्हरच्या, दहा रायफलच्या, चार शॉटगनच्या अशा चोवीस फैरी तरबेज माणूस वीस सेकंदांच्या आत उरकतो. एक निशाण चुकले तर पाच सेकंदांचा भुर्दंड, त्यामुळे कुणी चुकत नाही इतक्या जवळ आणि इतक्या मोठ्या पाट्या लावल्या जातात. मग उरते ती फक्त घाई.

त्या घाईपायी बंदुकीच्या पोटात काय काय चालते! १८७३ रायफलचे आतले दुवे बदलून दांड्याचा फेर आखूड करतात. हे इतके वाढले की फेर किमान किती असावा हे नियमात लिहावे लागले. आधी कारागीर पुढे जातो, मागून नियम धावतो. त्यात कारागिराला आठवडा लागतो, नियमाला काही वर्षे. नियमावलीत ‘खेळाची वृत्ती’ नावाचे कलमही आहे, वृत्ती सोडली तर तीस सेकंदांचा दंड. पण वृत्ती मोजायचे यंत्र अजून निघालेले नाही, आणि आपल्याच टोळीतल्या मित्राला हा दंड ठोकणारा पंच विरळा.

माझे म्हणणे एवढेच, की दांड्याच्या मागे धावण्यापेक्षा काडतूस बांधा. साठाची मर्यादा शंभरावर न्या. दुकानात मिळणारे साधे .३८ स्पेशल काडतूस शंभर सहज ओलांडते, त्यामुळे कुणाला नवी बंदूक घ्यावी लागणार नाही. धक्का परत आला की आखूड दांड्याचा फायदा आपोआप आक्रसतो, कारण बंदूक पुन्हा निशाणावर आणायलाच वेळ लागतो. आणि ही काही परकी कल्पना नव्हे. सासच चालवीत असलेल्या ‘वाइल्ड बंच’ या भावंड खेळात, जिथे १९११चे कोल्ट पिस्तूल वापरतात, किमान आकडा १५० आहे. एकाच घरातल्या एका मुलाला दीडशे आणि दुसऱ्याला साठ का, याचे उत्तर सवय याखेरीज दुसरे दिसत नाही.

आक्षेप येईल तो वयाचा, आणि तो खरा आहे. या मैदानांवर साठी उलटलेली मंडळी पुष्कळ, मनगटे दुखणारी; शाळकरी मुलांचाही गट आहे. हलक्या काडतुसामुळेच हा खेळ आजी-नातवंडांचा झाला, आणि तो तसा राहावा. पण वयाप्रमाणे गट आधीपासून पाडलेलेच आहेत. ज्येष्ठ आणि मुले यांच्यासाठी साठ राहू द्या, खुल्या गटाला शंभर लावा. तंबाखूच्या पुडीएवढे ओझे वाढल्याने तिशीतला गडी मोडत नाही.

तपासणीचे काय, हाही प्रश्न निघेल. मोठ्या सामन्यात वेगमापक यंत्र लावता येते. गावच्या क्लबकडे ते नसेल. त्यांनी रिव्हॉल्व्हरच्या रांगेत दोन पाट्या अशा लावाव्यात की पुरेसा जोर नसेल तर त्या आडव्या होणार नाहीत, आणि उभी राहिलेली पाटी चुकलेल्या निशाणात धरावी.